आधी झाडं, मग दिवा
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



माशांच्या टाकीत झाडं लावायची ठरली की दुकानात पहिला आकडा कानावर पडतो तो वॅटचा. पण वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते; उजेड किती देतो ते नव्हे. ट्यूबलाइटच्या जमान्यात वॅटवरचा हिशेब चालून जायचा, कारण ट्यूबा साधारण सारख्याच असत. एलईडी आले आणि तो हिशेब मोडीत निघाला. आज खोक्यावर दोनच गोष्टी वाचायच्या: केल्व्हिन, म्हणजे उजेडाचा रंग, आणि ल्युमेन, म्हणजे उजेड किती ते.

केल्व्हिनचं लवकर आटपतं. ६५०० लिहिलेला, घरोघरी लागतो तो पांढरा दिवा झाडांना चालतो. झाडं तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषतात हे खरंच. पण पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतात. जांभळ्या उजेडाच्या महागड्या दिव्याची गरज नाही.

खरा हिशेब ल्युमेनचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. रेती-दगड वजा जाता तिच्यात पन्नासेक लिटर पाणी राहतं. अनुबियस, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन या कमी उजेडाच्या झाडांना लिटरमागे १० ते २० ल्युमेन पुरतात. म्हणजे फार तर हजार. विजेच्या दुकानातली १० वॅटची दोन फुटी एलईडी पट्टी साधारण तेवढा उजेड देते. रोज सात तास लावली तरी महिन्याला दोन युनिटांच्या आसपास वीज जाते.

मग जास्त उजेड दिला तर? इथेच पैसे आणि टाकी दोन्ही वाया जातात. उजेड वाढला की झाडाची कार्बन डायऑक्साइडची आणि खताची भूक वाढते. ती भागली नाही, तर झाड अडतं आणि शेवाळ सरसावतं. अनुबियसचं पान सावकाश वाढणारं, महिनोन्महिने टिकणारं. त्यावर हिरवे ठिपके धरतात, ते नखानं खरवडूनही निघत नाहीत. उलट उभ्या खोडाच्या झाडांना उजेड कमी पडला, तर दोन पानांमधलं अंतर लांबत जातं आणि खालची पानं गळतात. टाकी स्वतःच सांगते, आपण बघायचं.

दक्षिण भारतातली रोटाला मॅक्रँड्रा लालबुंद हवी असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे लिटरमागे ४० ल्युमेन लागतात, आणि सोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही. तो खर्च झेपणार नसेल, तर मोठा दिवा घेऊच नका.

दोन सूचना. घरगुती पट्टी पाण्यापासून सुरक्षित नसते. ती काचेच्या झाकणावर ठेवा आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. आणि वाचलेल्या पैशांतून एक टायमर घ्या. रोज ठरल्या वेळी लागणारा साधा दिवा हा आठवण होईल तेव्हा लावलेल्या महागड्या दिव्यापेक्षा केव्हाही बरा.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरीच झाडांची यादी करा. दिवा त्या यादीवरून ठरवा.