चिंधी किलोवर, मेहनत तासावर

सोलापुरात टॉवेलचे, गणवेशाचे कारखाने आहेत. तिथलं कातरण आमच्या गटात किलोवर येतं. आधी आम्ही ते धान्यासारखं निवडतो. एक धागा चिमट्यात धरून जाळायचा. सुती असेल तर कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिस्टर असेल तर वितळून टणक मणी उरतो. गरम पातेलं उतरवायची फडकी सुतीचीच शिवायची, नाहीतर हात पोळेल. पॉलिस्टरच्या पिशव्या होतात.

व्यापारी म्हणतो, "चिंध्यांचंच तर आहे, एवढे पैसे कशाचे?" म्हणून आम्ही वहीत कातरणाच्या खर्चाखाली निवडायचे, धुवायचे, शिवायचे तास लिहितो. दर ठरवताना तीच वही पुढे ठेवतो. तुम्हीही ठेवा. चिंधी किलोवर मिळते, बाईचा दिवस नाही.