विभागांची पुनर्रचना आणि कर्मचाऱ्याचा कागद
(राजारामपुरी, कोल्हापूर येथील शासकीय कर्मचाऱ्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

एखाद्या शासकीय विभागाची पुनर्रचना जाहीर झाली की तिची चर्चा बहुधा खर्चातील बचत, कामाची गती आणि नागरिकांची सोय या अंगांनी होते. त्या विभागात काम करणाऱ्या माणसांचा उल्लेख आलाच, तर तो ‘अतिरिक्त पदे’ आणि ‘समायोजन’ या शब्दांत येतो. समायोजन म्हणजे एका कार्यालयातील पद रद्द झाल्यावर त्या पदावरील कर्मचाऱ्याला अन्यत्र समकक्ष पदावर सामावून घेणे. व्याख्या सरळ आहे. परंतु ‘समकक्ष’ कशाला म्हणावे हे ठरवण्यात महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांची कित्येक वर्षे कोर्टकचेऱ्यांत गेली आहेत. पुनर्रचनेच्या काळात कर्मचाऱ्याला खरा आधार मिळतो तो बदल अमलात येण्यापूर्वी पूर्ण झालेल्या कागदाचा. धीराचे शब्द, प्रशिक्षणवर्ग आणि स्वागतसमारंभ यांचे मोल त्यानंतरचे आहे, हे या भाषणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या विचारासाठी कोल्हापूर हे योग्य ठिकाण आहे, कारण प्रशासनाची मोडणी आणि मांडणी या शहराने एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतने, म्हणजे गावच्या दप्तराचे वंशपरंपरागत हक्क, रद्द करून पगारी तलाठी नेमले. ही पुनर्रचना न्याय्य होती आणि तिला कडवा विरोधही झाला. न्याय्य बदलातही कोणाचे तरी स्थान जाते, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. विरोध करणारा प्रत्येक जण आळशी किंवा स्वार्थी असतो, हे गृहीत धरणे ही प्रशासनाची जुनी सवय आहे आणि ती फारशी उपयोगाची ठरलेली नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजधानीचे शहर एका दिवसात जिल्ह्याचे ठिकाण बनले. संस्थानात एखाद्या खात्याचा प्रमुख असलेला अधिकारी प्रांताच्या उतरंडीत मधल्या पायरीवरचा ठरणे यात अपरिहार्य होते, कारण खात्याचा विस्तार, अधिकारांची व्याप्ती आणि वेतनश्रेणी या सर्वच बाबतींत दोन्हीकडची मापे वेगळी होती. राजारामपुरीच्या गल्ल्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक देऊन वस्तीची आखणी करता आली. दोन वेगळ्या राजवटींत वाढलेल्या माणसांना एका यादीत क्रमांक देणे मात्र तितके सोपे नसते.

हा प्रश्न सात वर्षांनी सबंध देशापुढे आला. राज्य पुनर्रचना अधिनियम १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आला, तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, परंतु त्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. हैदराबाद राज्यातून मराठवाडा आणि मध्य प्रदेशातून विदर्भ आला. सीमा नकाशावर आखता येते, पण कर्मचाऱ्याबरोबर त्याचे सेवापुस्तक, त्याची रजा, त्याची वेतनवाढ आणि त्याच्या वरच्या-खालच्यांची यादी हे सारे सीमा ओलांडत असते. या अधिनियमाच्या कलम ११५ मध्ये दोन तरतुदी होत्या, ज्यांचे मोल आजही कमी झालेले नाही. सेवांची विभागणी आणि एकत्रीकरण करताना न्याय्य वागणूक मिळावी व कर्मचाऱ्यांच्या निवेदनांचा योग्य विचार व्हावा म्हणून केंद्र सरकारला सल्लागार समित्या नेमता येत होत्या. आणि सेवेच्या शर्ती केंद्राच्या पूर्वमान्यतेशिवाय कर्मचाऱ्याच्या अहिताच्या होतील अशा रीतीने बदलण्यास राज्यांना मनाई होती.

पदांची बरोबरी ठरवण्यासाठी त्याच काळात चार कसोट्या मान्य झाल्या: पदाच्या कामाचे स्वरूप, त्या पदावरील अधिकार व जबाबदारी आणि कार्यक्षेत्राचा विस्तार, भरतीसाठी ठरलेली किमान अर्हता आणि शेवटी वेतन. वेतनाचा क्रम शेवटचा आहे, याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. सीमा सुरक्षा दलातून दिल्ली पोलिसांत सामावून घेतलेल्या उपनिरीक्षकांच्या रूपलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हाच क्रम पुन्हा अधोरेखित केला. तरीही प्रत्यक्षात आस्थापना शाखेत पहिली नजर वेतनस्तराच्या रकान्यावर जाते, कारण तो रकाना भरलेला असतो आणि कामाच्या स्वरूपाचा रकाना बहुधा कोणीच आखलेला नसतो.

कसोट्या असूनही काय घडू शकते, याचे उदाहरण रामचंद्र शंकर देवधर यांच्या खटल्यात सापडते. पूर्वीच्या हैदराबाद राज्यातून आलेल्या तहसीलदारांना उपजिल्हाधिकारीपदाच्या पदोन्नतीसाठी विभागवार निवडयाद्यांची पद्धत लागू झाली. परिणामी एका महसूल विभागातील कनिष्ठ पुढे जाई आणि दुसऱ्या विभागातील ज्येष्ठ मागे राही. ही पद्धत समान संधीच्या तत्त्वाला धरून नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७३ मध्ये दिला, म्हणजे पुनर्रचनेला सतरा वर्षे लोटल्यावर. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की पदोन्नतीची केवळ शक्यता ही सेवेची शर्त नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हे विधान नेमके आहे, परंतु त्यामुळे कर्मचाऱ्याला सर्वांत जिव्हाळ्याची वाटणारी गोष्ट कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहते. म्हणूनच ती प्रशासनाने स्वतःहून सांभाळणे आवश्यक ठरते.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा राज्य शासनाची अनेक कामे आणि ती करणारी माणसे त्यांच्याकडे वर्ग झाली. ६ जून २००५ रोजी राज्य विद्युत मंडळाची निर्मिती, पारेषण आणि वितरण अशी वाटणी झाली. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३३ मध्ये हस्तांतरित कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी हिताच्या नसाव्यात असे स्पष्ट लिहिलेले होते, आणि कायद्यातच शब्द असले म्हणजे वाटाघाटींना जमीन मिळते. याउलट २०१७ मध्ये मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विभाग झाला आणि कृषी विभागातील पदे तिकडे वर्ग करण्याचे ठरले, तेव्हा कृषी सहायकांनी आंदोलन केले. मूळ विभागाचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, आधी नव्याने ठरवावा आणि मग पदे हलवावीत, ही त्यामागची भूमिका होती. ती अडवणुकीची नव्हती. आकृतिबंध निश्चित नसताना पदोन्नतीची साखळी कोठे तुटते हे सांगता येत नाही, एवढाच तिचा अर्थ होता.

निवृत्तिवेतनाने या प्रश्नाला आणखी धार आणली आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही, आणि मार्च २०२३ च्या संपाने या रेषेची तीव्रता साऱ्या महाराष्ट्राला दाखवली. एका संस्थेतून दुसरीत जाताना मूळ नियुक्तीचा दिनांक, सेवेतील सलगता आणि धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावर परतण्याचा हक्क, यांच्या नोंदी सेवापुस्तकात अचूक नसतील, तर एखाद्या लिपिकाच्या घाईत सुटलेल्या ओळीचा भार कुटुंबाला आयुष्यभर वाहावा लागतो.

या परिषदेने शासनाकडे जी मागणी करायची ती मुख्यतः क्रमाची आहे: पदांच्या समकक्षतेचा तक्ता प्रथम, त्यानंतर तात्पुरती ज्येष्ठता यादी आणि हरकतींना पुरेशी मुदत, मग अंतिम यादी, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष वर्ग होण्याचा आदेश. विकल्पपत्र, म्हणजे मूळ संवर्गात राहायचे की नव्या संवर्गात जायचे याची लेखी निवड, भरून घेताना दोन्ही बाजूंचे परिणाम त्याच कागदावर छापलेले असावेत. नव्या कार्यालयाचे लेखाशीर्ष आणि आहरण व संवितरण अधिकारी ‘सेवार्थ’ प्रणालीत नोंदले जाईपर्यंत वेतन जुन्याच कार्यालयाने काढावे. दुय्यम सेवापुस्तक पडताळणीसह कर्मचाऱ्याच्या हाती देऊनच त्याला कार्यमुक्त करावे, आणि निवृत्तीला दोन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांची प्रकरणे या कामात सर्वांत आधी घ्यावीत.