फुफ्फुस फुलवण्याची घाई

छातीत पाणी झालं किंवा हवा साठली की फुफ्फुस दबून मिटतं. ते पाणी, ती हवा एकदम काढून टाकली की श्वास लगेच मोकळा होईल, असं रुग्णाच्या नातेवाइकांना वाटणं साहजिक आहे. पण मिटलेलं फुफ्फुस झटक्यात फुलवलं तर तेच कधीकधी आतून पाण्याने भरतं. १८५३ साली पिनो नावाच्या डॉक्टरांनी छातीतून तीन लिटर पाणी काढल्यानंतर असं घडल्याची नोंद केली. हवा काढल्यावरही तेच होऊ शकतं, हे १९५८ साली नोंदवलं गेलं. बरेच दिवस मिटून राहिलेल्या फुफ्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. तिथे रक्त पुन्हा जोराने वाहू लागलं आणि ताण पडला की त्या पाझरू लागतात. मग बहुधा तासा-दोन तासांत खोकला, छातीत आवळल्यासारखं वाटणं, फेसाळ गुलाबी थुंकी आणि रक्तातला ऑक्सिजन कमी होणं अशी लक्षणं दिसतात. तीन दिवसांहून अधिक काळ मिटलेलं फुफ्फुस, मोठा साठा आणि पाणी किंवा हवा काढणाऱ्या नळीला लावलेलं जोराचं सक्शन यांनी धोका वाढतो. आपल्याकडे क्षयामुळे छातीत पाणी होणारे अनेक रुग्ण उशिरा दवाखान्यात येतात. म्हणून हा प्रश्न आपल्याही जवळचा आहे.

यावर कोणी म्हणेल, इतक्या विरळ गोष्टीची भीती कशाला? खरंच, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक लिटर किंवा जास्त पाणी काढलेल्या १८५ जणांपैकी एकालाच हा त्रास जाणवला. आणखी चौघांत तो फक्त एक्स-रेवर दिसला. म्हणजे दीड लिटरनंतर थांबण्याचा प्रचलित दंडक ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. पण यातून घाईला परवाना मिळत नाही. मोजपट्टी फक्त लिटरची नको, रुग्णाचीही हवी, एवढंच यातून ठरतं: पाणी काढताना छातीत दुखू लागलं, आवळल्यासारखं वाटलं किंवा खोकला थांबेना, तर तिथेच थांबायचं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: थांबण्यात जीव गेला तर? हवेचा दाब वाढून हृदयावर ताण आला असेल, तर क्षणाचाही विलंब नको. हवा तत्काळ सोडलीच पाहिजे. पण ही निकड दाब उतरवण्याची असते. दाब उतरल्यावर फुफ्फुस पूर्ण फुलायला वेळ देता येतो. त्रास झालाच, तर ऑक्सिजन आणि गरजेप्रमाणे श्वासाला यंत्राचा आधार देऊन बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत सावरतात. काही मात्र दगावतात. म्हणून डॉक्टरांनी उरलेलं पाणी उद्या काढू असं म्हटलं, तर तो हलगर्जीपणा समजू नका. तो उपचाराचाच भाग आहे.