उत्पन्न आणि टिकाव
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हांला अर्थव्यवस्थेवर बोलायला सांगितलं आहे. अर्थशास्त्र म्हटलं की माणसं जांभया देतात, म्हणून आम्ही कपाशीवर बोलणार आहोत. इथल्या बऱ्याच जणांचं गावाकडचं घर अजून कपाशीवरच चालतं.

बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या, उत्पन्नही वाढलं. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या ४५० ग्रॅमच्या बियाण्याबरोबर १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट येत असे, साध्या, म्हणजे बीटी नसलेल्या बियाण्याचं. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावायच्या. त्यावर अळी पडणार हे ठरलेलंच! मग लावायचं कशाला? कित्येकांनी ते पाकीट सरळ फेकून दिलं.

आता त्यामागचं शास्त्र बघा. बीटी झाडाचं विष पचवून एखादी अळी जगली, तर तिचा पतंग कडेच्या साध्या झाडांवर वाढलेल्या पतंगाशी जोडी जमवतो. त्यांच्या पिलांना बहुधा ते विष पचत नाही. म्हणजे कडेच्या ओळी कापूस देण्यासाठी नव्हत्याच, आतलं शेत सांभाळण्यासाठी होत्या. पण हिशेबाच्या वहीत त्या वाया गेलेली जमीन म्हणूनच दिसतात.

त्यात भर फरदडीची. आणखी एक-दोन वेचे मिळतील म्हणून डिसेंबरात काढायची कपाशी पाणी देऊन मार्चपर्यंत ठेवायची. शेंदरी बोंडअळीला तेवढंच पाहिजे होतं. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडून पाहिली तर आत अळी बसलेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त माणसं गेली.

शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून हे झालं, असं शहरात सहज बोललं जातं. आम्हांला ते पटत नाही. डोक्यावर सावकार बसलेला असताना शेताची कड अळीसाठी कोण सोडेल? शिवाय एकट्याने सोडून भागतही नाही, पतंग काही बांध ओळखत नाही. नुकसान एकाचं आणि फायदा साऱ्या शिवाराचा, अशी ही गोष्ट. ती एकेकट्याच्या शहाणपणावर सोपवली तर होणारच नाही.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असंही कोणी समजू नये. पूर्वी कपाशीत तुरीच्या ओळी असत, शेजारी ज्वारी, मूग, अंबाडी. एक गेलं तर दुसरं हाताशी लागे, गुरांना कडबा मिळे. पण उत्पन्न इतकं थोडं, की पोराची फी भरताना बापाच्या तोंडचं पाणी पळे. नुसता टिकाव धरून माणूस वर येत नाही. आणि १९७२ च्या दुष्काळात मिश्र पीकही करपलंच की! तेव्हा लोक जगले ते सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांवर. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. घराच्या कणगीला मर्यादा असते, तिथे सर्वांची मिळून कणगी लागते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून. प्रमाण नीट पाहा. धंद्यात दोन भाग आहेत, म्हणजे कमावण्याला कमी लेखलेलं नाही. पण चौथ्याला हात लावायचा नाही.

आता आपल्या वस्तीचा प्रश्न. ज्याला शेतच नाही, त्याने कड कुठली सोडायची? जिची मजुरी रात्रीच्या भाकरीत संपते, तिने चौथा हिस्सा कशातून काढायचा? शेतीवर अडकून पडलेले जादा हात उद्योगांत गेले पाहिजेत, हे बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरच्या निबंधात मांडलं होतं. ज्या घरातला एक जण नोकरीला लागला, ते घर २०१७ ला तरलं. बाकीच्यांचं काय?

कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते. बोंड किडलं की तिची मजुरी त्याच दिवशी बुडते. पिकाच्या नुकसानीची मदत मात्र सातबाऱ्यावर मिळते, आणि तिच्या नावावर सातबारा नाही. उत्पन्न वाढलं तेव्हा तिच्या वाट्याला चार किलो जास्त आले असतील, पण जोखीम पूर्ण आली.

पण एक कागद असतो. संध्याकाळी कापूस मोजताना कोणी किती किलो वेचला ते मालक वहीत लिहितो. मदत वाटताना ही वही मजुराचा पुरावा म्हणून का धरू नये? तसा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. आम्ही मसुदा लिहून आणला आहे. ज्यांचं गावाकडे जाणं-येणं आहे, त्यांनी प्रती घेऊन जाव्यात आणि ग्रामसभेला वेचणीच्या बायांना सोबत न्यावं. काय कमी-जास्त करायचं ते त्याच सांगतील.

जयभीम.