खिशांत मावणारी संगीतपेटी

एखाद्या यंत्राची योग्यता त्याच्या अंगच्या गुणांच्या यादीवरून ठरवावी, कीं घरांत त्याचा उपयोग किती व किती दिवस होतो यावरून ठरवावी, हा प्रश्न नवा नाहीं. आयपॉड टच या अमेरिकन यंत्राच्या उदाहरणानें त्याचा विचार चांगला करतां येतो. ॲपल कंपनीनें हें यंत्र ५ सप्टेंबर २००७ रोजीं लोकांपुढें मांडलें आणि १० मे २०२२ रोजीं तें बंद करीत असल्याचें जाहीर केलें. उदय, भरभराट व अस्त हें सर्व पंधरा वर्षांच्या आंत आटोपलें.

याच कंपनीच्या २००१ सालच्या पहिल्या आयपॉडमध्यें फिरती चकती होती व गाणें निवडण्यास अंगठ्यानें चाक फिरवावें लागे. टचमध्यें हीं दोन्ही गेलीं. गाणीं फ्लॅश स्मृतींत साठविलीं जाऊं लागलीं. तींत हालणारा एकहि भाग नसल्यामुळें चालतांना धक्का बसला तरी गाणें अडखळत नसे. चाकाच्या जागीं ३.५ इंच कर्णाचा, ४८० बाय ३२० प्रकाशबिंदूंचा कांचेचा पडदा आला.

या पडद्याला स्पर्श कळतो कसा? कांचेखालीं विद्युद्वाहक द्रव्याचे अत्यंत पातळ व पारदर्शक थर असतात. मनुष्याचें शरीरहि विजेचें वाहक आहे. त्यामुळें बोट टेकतांच त्या जागेची विद्युत् धारण करण्याची शक्ति किंचित् बदलते, व बदल कोठें झाला हें यंत्र तत्काळ हेरतें. लांकडी काडीनें टोचल्यास मात्र पडदा ढिम्म राहतो! दोन बोटांचे स्पर्श वेगळे ओळखतां येत असल्यामुळें बोटें फांकवितांच चित्र मोठें होई.

पहिल्या आवृत्तीची जाडी ८ मिलिमीटर, वजन १२० ग्रॅम. किंमत ८ गिगाबाइटला २९९ डॉलर व १६ गिगाबाइटला ३९९ डॉलर. मोठ्या यंत्रांत सुमारें ३५०० गाणीं मावतील, असा कंपनीचा अंदाज होता. गाणें चार मिनिटांचें धरल्यास हें श्रवण २३० तासांहून अधिक होतें. बाजूला तीन मिनिटें वाजणाऱ्या जुन्या तबकड्यांवर तेंच उतरवावयाचें, तर दोन हजारांहून अधिक तबकड्या लागतील. एकदां विद्युत्संचय भरला कीं गाणीं २२ तास व चित्रपट ५ तास चालत, असें कंपनी सांगे.

पुढें गुण वाढतच गेले. २००८ सालीं खेळ व इतर उपयोगाचे कार्यक्रम उतरवून घेण्याची सोय झाली, २०१० सालीं कॅमेरे आले, २०१२ सालीं पडदा ४ इंचांचा होऊन वजन ८८ ग्रॅमवर उतरलें. २०१९ सालच्या शेवटच्या आवृत्तींत २५६ गिगाबाइटपर्यंत साठवण होती. दूरध्वनि तेवढा कधींच आला नाहीं. त्यामुळें महिन्याचें बिल नव्हतें, आणि मुलांच्या हातीं देण्यास आईबापांना हें यंत्र सोयीचें वाटे. परंतु खिशांतला फोनच गाणीं वाजवूं लागल्यावर दुसरें यंत्र कोण बाळगणार?

अशा यंत्रांच्या यादींत एक आंकडा कधींच छापलेला नसतो, तो त्याच्या आयुष्याचा. विद्युत्संचय आंत बंद असतो. तो झिजला कीं मालकाला स्वतःच्या हातानें सहज बदलतां येत नाहीं. शिवाय कंपनीनें नव्या प्रणाली देणें थांबविलें, कीं पडदा धडधाकट असूनहि यंत्र हळूहळू मागें पडतें. उलट चावीचा ग्रामोफोन सुस्थितींत असेल, तर सत्तर वर्षांपूर्वींची तबकडी नव्या सुईवर आजहि बोलते.

म्हणून गृहस्थानें असें यंत्र घेतांना साठवण व पडदा यांबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्या: त्याची दुरुस्ती कोण करील, आणि त्यांतलीं गाणीं दुसरीकडे काढून ठेवतां येतील काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी असेल, तर यंत्र बंद पडल्यानें घरांतलें गाणें बंद पडणार नाहीं.