सामुदायिक श्रम आणि यंत्राची भाषा

छत्रपती संभाजीनगराहून जळगावकडे जाणारा रस्ता सिल्लोड ओलांडून अजिंठ्याकडे जातो. तेथील सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. दात्याचे नाव दगडावर राहिले. छिन्नी आणि कुंचला चालविणारे हात बहुतांशी अज्ञातच राहिले. सामुदायिक कार्यात श्रेय कोणाचे, हा प्रश्न इतका जुना आहे.

आज तोच प्रश्न यंत्रबुद्धीच्या क्षेत्रात उभा आहे. २०२१ साली आरंभलेल्या ‘बिगसायन्स’ या उपक्रमात सुमारे ७० देशांतील १००० हून अधिक संशोधक एकत्र आले, आणि जुलै २०२२ मध्ये त्यांनी ‘ब्लूम’ हे भाषा-प्रतिमान जगास खुले केले. ४६ भाषांत मराठीसही स्थान मिळाले, परंतु किती? त्यास शिकविण्यासाठी वापरलेला मजकूर शंभर रुपयांचा मानिला, तर इंग्रजीचा वाटा तीस रुपयांचा, हिंदीचा सत्तर पैशांचा आणि मराठीचा अवघा पाच पैशांचा!

यात कोणाचा दुष्टावा नाही. यंत्र घडविण्यास उत्साही पुरुष पुष्कळ मिळतात. मजकूर गोळा करणे, निवडणे, तपासणे या नीरस कामास थोडेच राहतात. अशा स्वयंसेवी मंडळांत येणारे अनेक आणि टिकणारे मोजके असतात. भार त्यांच्यावर पडतो, तक्रारीही त्यांच्याकडेच येतात. शिवाय चर्चा बहुधा इंग्रजीत चालते. म्हणून ज्याची भाषा हवी, तोच सभेत मुका राहतो. सिल्लोडच्या बाजारात मका आणि मिरची विकणाऱ्या शेतकऱ्याची बोली छापील ग्रंथांत क्वचितच आढळते. ती यंत्रास शिकवावयाची, तर त्यालाच सहकारी मानले पाहिजे.

मतभेदही होतात. ‘ब्लूम’च्या परवान्यात अपायकारक उपयोगास मनाई आहे. अट घातली की खुलेपणा उणावतो, असे एक पक्ष म्हणतो. सर्वांच्या श्रमाचे फळ कोणाच्याही घातास लागू नये, असे दुसरा म्हणतो. दोहोंत तथ्य आहे. म्हणूनच असे नियम कार्यारंभीच सर्वांनी मिळून ठरविणे श्रेयस्कर.

तसेच, यंत्र रचणाऱ्याच्या नावाशेजारी शब्द वेचणाऱ्याचे नाव लिहिले जावे. अजिंठ्यात जे राहून गेले, ते येथे करणे सहज शक्य आहे. मराठीचे पाच पैसे वाढावयाचे असतील, तर प्रथम ते वेचणाऱ्या हातांचा मान वाढला पाहिजे.