मोटारीची ओढ आणि तिचा तपास



ज्या ग्वाल्हेरीत माधवराव महाराज शिंदे यांनी १९०५ साली मेळा सुरू केला, आणि ज्या मेळ्यात अलीकडे अनेक वर्षी वाहनकरात ५० टक्के सूट मिळत असल्यामुळे दूरदूरची माणसे मोटार खरेदीसाठी येतात, त्या नगरीतल्या, झाशी रस्त्याच्या अंगच्या या हरिशंकरपुरमात मोटारीच्या एका व्याधीवर बोलणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे मला वाटते. खरेदीच्या वेळी आपण रंगाची, किमतीची आणि तेलाच्या खर्चाची कसून चौकशी करतो. परंतु तीच मोटार पुढे सरळ सडकेवर, चक्रावरचा हात किंचित सैल होताच, डावीकडे अथवा उजवीकडे ओढ घेऊ लागली, म्हणजे तिची कैफियत पुरती ऐकून घेण्याइतका धीर ना मालकाजवळ उरतो, ना कारागिराजवळ. ‘अलाइनमेंट करून घ्या’ एवढा एक हुकूम सुटतो, पैसे भरले जातात, आणि ओढ होती तशीच राहते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, कोणता भाग बिघडला हा प्रश्न दुसरा आहे. गाडी नेमकी केव्हा ओढते, हा पहिला.

तपासात सर्वप्रथम सडकेची साक्ष घ्यावी. पाणी वाहून जावे म्हणून सडकेचा मध्य उंच ठेवून दोन्ही कडांना उतार देतात, आणि डांबरी सडकेवर तो साधारणतः शेकडा दोनच्या आसपास असतो. आपण डाव्या बाजूने गाडी हाकणारे असल्यामुळे निर्दोष मोटारही हळूहळू डावीकडे सरकते, यात तिचा काहीच अपराध नाही. म्हणून परीक्षा सपाट, मोकळ्या आणि निर्मनुष्य जागी करावी. याच कारणाने उजवीकडची ओढ मी अधिक गंभीर मानतो, कारण ती उताराला न जुमानता प्रकट झालेली असते.

त्यानंतर हवा. आपल्या इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पौषात पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. तपमान पाच-सहा अंशांनी घटले की टायरमधील दाब सुमारे एक पौंडाने घटतो. चारही चाकांत तो सारखाच घटला तर ओढ उत्पन्न होणार नाही. पण एखाद्या चाकात बारीक खिळा रुतलेला असेल किंवा त्याचा व्हॉल्व्ह झिरपत असेल, तर ते चाक मऊ पडून जास्त विरोध करते आणि गाडी त्याच्या दिशेने झुकते. दाब सकाळी, गाडी हलण्यापूर्वी मोजावा. कारण एका कुशीला ऊन लागलेल्या गाडीची दोन्हीकडची मापे एकमेकांशी ताडून पाहण्याच्या लायकीची राहत नाहीत.

हवा बरोबर असूनही ओढ कायम असेल, तर पुढची दोन चाके परस्परांच्या जागी बसवून पाहावीत. मात्र टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा उपाय करू नये. निमुळता पेला जमिनीवर लोटला असता तो सरळ न जाता वळसा घेतो, त्याचप्रमाणे ज्या रेडियल टायरचे आतले पट्टे घडणीतच किंचित एका बाजूला बसले असतील, तो डोळ्यांना गोल दिसत असूनही शंकूसारखा वागतो. चाकांची अदलाबदल होताच ओढीनेही बाजू बदलली, तर अपराधी टायर ठरला आणि अलाइनमेंटच्या यंत्राकडे जाण्याचे कारण उरले नाही. ओढ जागची हलली नाही, तर टायर निर्दोष सुटला. दहा मिनिटांच्या आणि एका जॅकच्या या प्रयोगाइतका निर्णायक पुरावा मोटारीच्या साऱ्या शास्त्रात मला क्वचितच आढळतो, आणि तरीही तो करून पाहणारे कारखाने विरळा आहेत, याची मला मनापासून खंत वाटते.

आता ब्रेक. ब्रेक दाबताक्षणी गाडी डावीकडे गेली, तर सर्वांची नजर डाव्या चाकाकडे वळते. वस्तुतः डावा ब्रेक आपले काम इमानाने बजावीत असतो आणि उजव्याचा कॅलिपर जाम झालेला असण्याचा संभव अधिक असतो. ब्रेक न दाबताही ओढ असेल, तर उलट ज्या बाजूस ती आहे त्या बाजूचा ब्रेक दाब सुटल्यावरही पुरता मोकळा होत नसावा. ब्रेकचा रबरी नळ आतून सुजून तेल परत येऊ देत नसला, तरी हेच घडते. शक्य तितका ब्रेक न वापरता चार-पाच किलोमीटर गाडी हाकावी, उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा, मात्र धातूला स्पर्श करू नये. एकच चाक तापलेले आढळले तर त्याची तातडीने दुरुस्ती करावी, कारण येथे प्रश्न टायरच्या झिजेचा नसून जीविताचा आहे.

केवळ वेग वाढवताना जाणवणारी ओढ पुष्कळदा पुढच्या चाकांना गती देणाऱ्या दोन दांड्यांची लांबी असमान असल्यामुळे उद्भवते. ती सौम्य असेल तर सोडून द्यावी. पण एकाएकी वाढली असेल तर इंजिनाची माउंटिंगे आणि लोअर आर्मची बुशे तपासावीत.

एवढे सारे झाल्यावर अलाइनमेंटची पाळी येते, आणि येथेच ग्राहकाची सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. यंत्राच्या पडद्यावर तीन कोन उमटतात: टो, म्हणजे वरून पाहता चाकाच्या पुढच्या कडेचे आत-बाहेर वळण; कँबर, म्हणजे चाकाचा माथ्याशी आत-बाहेर कल; आणि कॅस्टर, म्हणजे ज्या अक्षावर चाक वळते त्याचा पुढे-मागे कल. यांपैकी पुढच्या चाकांचा टो बिघडला तर टायर एका कडेने झिजतात. पण दोन्ही चाके एकाच दांड्याने जोडलेली असल्यामुळे चुकीचा टो आपसांत वाटला जातो आणि गाडी सहसा ओढत नाही, फार तर चक्र वाकडे दिसते. ओढ निर्माण होते ती उरलेल्या दोहोंतील डाव्या-उजव्या तफावतीने: ज्या बाजूचे चाक माथ्याशी अधिक बाहेर कललेले, तिकडे, किंवा ज्या बाजूचा कॅस्टर कमी, तिकडे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आपल्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असते. आणि त्या रचनेत सामान्यतः टो तेवढा फिरवता येतो, कॅस्टर मुळीच फिरवता येत नाही आणि कँबर फार तर बोल्टांच्या सैलपणाइतका. म्हणजे ज्या कोनाने ओढ लागली तो यंत्र दाखवते, आणि जो कोन निर्दोष होता तोच फिरवून गाडी परत दिली जाते! पावसाळ्यात खड्ड्यात आदळून लोअर आर्म वाकला असेल, स्ट्रट मुडपला असेल, तर त्याचा फैसला पान्याने होत नाही. तो भाग बदलावाच लागतो. वाकलेला आर्म तापवून, ठोकून सरळ करण्याची तजवीज कोणी सुचवली तर तिला ठाम नकार द्यावा, कारण तापवलेल्या पोलादाचे बळ पूर्ववत राहील याची हमी कोणालाही देता येत नाही आणि आर्म तुटला तर चाक कोणत्या दिशेला जाईल हे चालकाच्या हाती राहत नाही.

म्हणून यंत्रावरून गाडी उतरवताना दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद मागून घ्यावेत, डाव्या-उजव्या कॅस्टरचे आकडे स्वतः ताडून पाहावेत, आणि अर्ध्या अंशाहून अधिक अंतर दिसले तर बिल चुकवण्यापूर्वी कारागिराला तेथेच त्याचे कारण विचारावे.